दिवसभर बाळाजवळ कोण असतं?

माय,

जालन्यात बिऱ्हाड केल्यावर मी तुला आई म्हणायला लागलो, ते तुला शेवटपर्यंत रुचलं नाही. "आई म्हनला की वाटतं दुसऱ्याच कुनाला हाक मारली," असं म्हणायचीस. आज माय लिहितोय ते तुझं मन राखायला नव्हे. परवा दवाखान्यात जे केलं त्यानंतर आई लिहायला हात धजेना. तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आत्ता सांगायला बसलोय, म्हणजे वरातीमागून घोडंच. तरी सांगतो.

मी सातव्या महिन्यात झालो, हसनाबादला, आपल्या मागच्या खोलीत. ही गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की मी ती स्वतः पाहिल्यासारखी मला आठवते. सुईणीनं मला सरकी काढलेल्या कापसात गुंडाळलं आणि तुला बजावलं, "हे लेकरू झोपलं की श्वास घ्यायचं इसरतंय. याच्यापाशी बोलत राह्य." आता मूठभर जिवाशी बोलणार तरी काय? हात जे करतील ते तू तोंडानं सांगायला लागलीस. "आता आपण चूल पेटवली. आता तवा ठिवला. आता बघ, भाकर कशी फुगून राह्यली." मी जगलो, धडधाकट झालो, पाटी घेऊन शाळेत जायला लागलो, पण तुझी सवय काही सुटली नाही. वेचणीला गेलीस तरी बोंडाबोंडाशी बोलायचीस. गल्लीतल्या बायका हसायच्या, "हिच्या घरी काय शिजून राह्यलं ते इचारायलाच नको." तूही त्यांच्याबरोबर हसायचीस. मला मात्र दहावीपासूनच त्याची लाज वाटायला लागली होती, आणि ती मी कधी लपवलीही नाही.

मग माझी लेकही सातव्या महिन्यात झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि तू काचेला नाक लावून तिला सांगत होतीस, "आता सिस्टर आली. आता तिनं नळी बदलली. भिऊ नको." सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तुला बाहेर बाकड्यावर नेऊन बसवलं. पोर घरी आली. रजा संपल्यावर तुझी सून पहाटेच्या एस.टी.नं भोकरदनच्या शाळेत जायची, मी कॉलेजला. दिवसभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवून मी घरी यायचो आणि पेपरमागे तोंड लपवायचो. सून यायची ती दमून. त्या घरात पोरीशी बोलणारं माणूस एकच होतं. तेव्हा मला ते दिसत नव्हतं असं म्हणालो तर तेही खोटं होईल. दिसत होतं, आणि मला वाटत होतं की पोरीची भाषा बिघडतेय.

एक दिवस आमचे प्राचार्य घरी येतात. मी त्यांना खुर्चीवर बसवतो, पंखा लावतो, बढतीचा विषय कसा काढावा याचा विचार करतो. आणि स्वयंपाकघरातून तुझा आवाज येतो, "आता दूध वतलं. आता साखर टाकली, दोन चमचे बराबर. आता साहेबाला कप कोनता द्यावा? हा नको, याचा कान तुटून राह्यला." प्राचार्य गालातल्या गालात हसतात. मी उठून आत जातो आणि दबक्या आवाजात तुला म्हणतो, "आई, दोन मिनिटं तोंड बंद ठेवता येत नाही का तुला?" तू बशी हातात धरून उभी. तुझ्या पायाशी तीन वर्षांची माझी लेक. ती माझ्याकडे बघते आणि खणखणीत आवाजात जाहीर करते, "आता बाबा रागावून राह्यले." बाहेर प्राचार्य मोठ्यानं हसले. तू हसली नाहीस. त्यानंतर माझ्यासमोर तू मुकीच झालीस. मी कॉलेजला गेलो की मग सुरू व्हायचीस, हे मला खूप पुढे लेकीनं सांगितलं.

त्याच वर्षी दवाखान्यानं तिला तपासायला बोलावलं. अपुऱ्या दिवसांची मुलं पुढे बोलायला, समजायला मागे पडतात का, ते तिथे पाहत. सुनेला रजा नव्हती, म्हणून तू आलीस. तिथल्या डॉक्टर मॅडमनी लेकीपुढे ठोकळे ठेवले, चित्रं ठेवली. एका चित्रात स्वयंपाक करणारी बाई होती. इतर मुलं "बाई" म्हणून थांबत असतील. हिनं त्या बाईनं काय शिजवलं, कशात वाढलं, कोण रुसून बसलं, सगळं सांगितलं. मॅडमचं लिहिणंच थांबलं. मला म्हणाल्या, "अशा मुलांचं बोलणं बरेचदा उशिरा येतं. हिचं तर पुढेच आहे. घरचं वातावरण, दुसरं काय. आईवडील शिकलेले असले की फरक पडतो." मी मान डोलावली. माय, तू शेजारीच होतीस आणि तूही मान डोलावलीस, माझ्यापेक्षा जास्त कौतुकानं.

मग त्यांनी फॉर्म दिला. त्यात एक प्रश्न होता, दिवसभर बाळाजवळ कोण असतं? पुढे दोन रकाने, नाव आणि शिक्षण. मी सुनेचं नाव लिहिलं आणि पुढे एम.एस्सी., बी.एड. तू कागदाकडे बघत होतीस. तुला त्यातलं अक्षरही लागत नव्हतं, पण मॅडमनी प्रश्न मोठ्यानं वाचला होता. तू विचारलंस, "माझं नाव लिव्हलं का रं?" मी म्हणालो, "लिहिलं." दिवाळीला गावी गेलो तर गिरणीवर तू बायकांना सांगत होतीस, "दवाखान्याच्या कागदावर नाव हाय माझं. पोरगी म्या सांभाळली म्हून लिव्हलंय." मी दळणाचा डबा उचलून पुढे निघालो. पुढच्या थंडीत तू गेलीस. त्या कागदाइतका मान तुला माझ्याकडून दुसऱ्या कशातही मिळाला नव्हता, आणि त्या कागदावर तू नव्हतीस.

परवा त्याच दवाखान्यानं त्या सगळ्या मुलांना पुन्हा बोलावलं. लेक आता पंधरा वर्षांची आहे. गणितात माझ्यासारखी बरी आहे आणि बोलण्यात कोणाला हार जात नाही. टेबलावर जुनी फाईल होती, ती तिनं न विचारता उघडली. "बाबा, आजी म्हणायची तिचं नाव आहे इथं. कुठंय?" मी म्हणालो, "तेव्हा घाईत राहून गेलं." तिनं फाईल मिटली. एवढी बोलकी पोर गप्प बसते तेव्हा मला तुझी ती बशी आठवते.

नवा फॉर्म आला. त्यातही होतं, पहिल्या तीन वर्षांत बाळाजवळ कोण होतं? लेक माझ्या खांद्यावरून बघत होती. मी तुझं पूर्ण नाव लिहिलं, ठळक, शिरोरेषा ओढून. तिनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि तेवढ्यात तिला आत बोलावलं. मी एकटा राहिलो, पुढच्या रकान्यासमोर. निरक्षर, एवढाच शब्द लिहायचा होता. त्यातच तर सगळा अर्थ होता. मॅडमच्या त्या वाक्याला उत्तर देता आलं असतं, तुझ्या बाजूनं, तुझ्या मुलानं. शेजारच्या खुर्चीत टाय लावलेले एक गृहस्थ त्यांचा फॉर्म भरत होते. मी रकान्यावर डावा हात आडवा धरला आणि लिहिलं, चौथी पास.

लेक बाहेर आली. "लिहिलं ना आजीचं सगळं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "लिहिलं."

माय, तुला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचो. हेही मलाच वाचावं लागलं असतं. आणि त्या रकान्यापर्यंत आल्यावर मी तेवढ्या ओळी गाळून पुढे गेलो असतो.