यंदा आप्पांनी घरपट्टी भरली

प्रिय संस्कृती,

फोनवर बोलताना तुझ्याजवळ कोण उभं असतं कळत नाही, म्हणून तुझी मैत्रीण पंकजा श्रीगोंद्याला निघालीय तिच्या हाती हे पत्र देतोय. तुझ्या बापाने यंदा घरपट्टी भरली! हस हवं तर, आई अजून हसतेय.

माझा रुबाब तुला ठाऊकच आहे. मार्च लागला की ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून मिरजगावभर ओरडत फिरते, घरपट्टी भरा, नाहीतर नळ तोडू. आणि मी ओट्यावर बशीतून चहा पीत ऐकत बसतो. माजी सैनिकाच्या नाहीतर त्याच्या बायकोच्या नावावर घर असलं की घरपट्टी माफ. मेडल पेटीत पडून असतं, पण ही माफी दरसाल मिरवता यायची. रिक्षावाल्याला मुद्दाम थांबवून मी चहा पाजायचो.

दिवाळीत जावईबापूंचा फोन आला आणि तू हातातली करंजी तशीच ठेवून पिशवी भरायला लागलीस. आईला म्हणालीस, "तिथं रोज ऐकवतात, हे घर तुझं नाही. आणि इथं मी पाहुणी." मी ओट्यावर दाढी करत होतो, सगळं ऐकलं. तुझ्या गालावरचा वळ दार लागून झाला म्हणालीस. बाळा, दाराला बोटं नसतात. माझा जीव फार तुटला गं.

परवा रिक्षा ओरडत आली तसा मी उठलो आणि पंचायतीत गेलो. कारकून मच्छिंद्र बघतच राहिला. "हवालदार, तुमाला माफी हाय की! पैशे कशाला काढताय?" म्हटलं, घर आता माझं नाही. त्याने कपाळाला हात लावला. "आता माफी न्हाई मिळायची. लई चुकलं तुमचं!" चुकलं कसलं, सगळं विचारूनच केलं होतं.

आपलं घर मी तुला बक्षीसपत्राने दिलंय. पार्थने आपणहून सही केली. भाऊ म्हणून तो माझ्यापेक्षा शहाणा निघाला. आई आणि मी आता तुझ्या घरात राहतो, सांभाळून घे. तिकडे नांदायचं की इकडे यायचं, तूच ठरव. यायचं ठरलं तर नुसता फोन कर, सामान आणायला आम्ही दोघं येतो. यंदा मी भरली. पुढच्या मार्चला भोंगा वाजला की घराच्या मालकिणीने उठायचं, मी माझा चहा पीत बसणार.

तुझाच,
आप्पा