शेजारच्या सीटचा ब्रेक

ती. वन्संना साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. कंबर अजून तेवढी वाकत नाही, पण मनात पूर्ण घातला आहे.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं, जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घालता ना? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. यांचा खोकला गेला, पण त्याच्याबरोबर आपल्याकडे दिलं जाणारं लक्षही जाईल या भीतीने अधूनमधून खोकतात. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन वाजला की वरच्या खोलीतून तुमची भाची धावत येऊन उचलते, आणि मी आपणहून तिच्याशी बोलणार नाही असं मी ठरवलं आहे. मुलगी माझीच, तिनेही तेच ठरवलं आहे. विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडून ती गाण्यासाठी तुमच्याकडे आली, तेव्हापासून आम्ही मायलेकी तुमच्यामार्फत एकमेकींची खुशाली विचारतो, आणि तुम्ही बिचाऱ्या फुकटच्या पोस्टमन झाला आहात.

तर विषय असा की तिच्या गाण्याचा व्हिडिओ आला आहे. आम्हाला कळवलेला नाही. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या एका शिकाऊ बाईने मला तो दाखवला, 'बाई, ही मुलगी अगदी तुमच्यासारखी दिसते' म्हणत. तेव्हापासून या घरात दोन पक्ष पडले आहेत. मी तो बघते स्कूलच्या ऑफिसात, शेजारच्या खोलीत वाहतुकीच्या खुणांचा वर्ग चालू असतो म्हणून आवाज बंद करून. हे तो ऐकतात सकाळी फिरताना, कानात घालून. (जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे यांचा विश्वास फक्त शब्दांवर.) म्हणजे गाणं एकच, पण यांच्याकडे त्याचे नुसते शब्द आणि माझ्याकडे नुसती चित्रं. यांनी शब्द उतरवून काढले, दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं आणि निकाल दिला की पोरगी आपल्यावर भयंकर चिडली आहे, ती काही आता परत येत नाही. मी म्हटलं, चिडलेलं माणूस इतकी नीट गाडी चालवत नाही.

कारण व्हिडिओभर ती गाडीच चालवते, आणि गाडी आपलीच, स्कूलची जुनी. ध्रुवपद आहे 'मागे वळून बघणार नाही'. हे म्हणतात, याहून स्पष्ट काय लिहायचं माणसाने? पण वन्सं, यांचा कागद समोर धरून मी तिचे ओठ जुळवून पाहिले, ती ओळ म्हणताना दर खेपेला तिची नजर आरशात जाते, मागच्या रस्त्यावर. आरसा, इंडिकेटर, पुन्हा आरसा, हे मीच तिच्या डोक्यात भरवलं होतं. तसं मी यांना सांगितलं, तर म्हणाले, गाण्यात 'वळून' असा शब्द आहे, आरशात बघायला वळावं लागत नाही, तेव्हा विधान बिनचूक आहे. अशा माणसाबरोबर मी संसार केला आहे.

मग मी तज्ज्ञ गाठला. माझ्याकडे एक प्राध्यापक गाडी शिकतात, कॉलेजात सिनेमा शिकवतात. त्यांनी सिग्नलला थांबल्या थांबल्या मला समजावलं, "बाई, शब्द म्हणतात तेच चित्राने म्हटलं तर चित्र फुकट गेलं. चित्र उलटं बोलायला लागलं, की समजावं, गाणाऱ्याला स्वतःचंच पटलेलं नाही." मला हे फार आवडलं. मग मी त्यांना ब्रेकचं विचारलं. 'पाय काढ, वाट सोड' या ओळीला कॅमेरा शेजारच्या रिकाम्या सीटपुढे खाली जातो, आणि तिथला ब्रेक आपोआप दाबला जातो. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं आहे की गाडीत भूत आहे. प्राध्यापकांच्या मते ती अदृश्य सत्ता. मी म्हटलं, अहो, सत्ता कसली, सळई आहे. शिकवण्याच्या गाडीत शेजारी बसणाऱ्यालाही ब्रेक असतो, दोन्ही सळईने जोडलेले, एक दाबला की दुसरा खाली जातो. तिने तिचा दाबला, माझा हलला. यावर प्राध्यापक म्हणाले, हे तर अदृश्य सत्तेपेक्षाही चांगलं आहे, आणि ते किती चांगलं आहे हे दाखवायला दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले. आम्ही दातांच्या दवाखान्याच्या कुंड्यांत जाऊन थांबलो. इतक्या वर्षांत माझा पाय पहिल्यांदा उशिरा पडला, कारण डोक्यात तिचा पाय होता. (दातांच्या डॉक्टरांनी बाहेर येऊन आधी कुंड्या पाहिल्या, मग प्राध्यापकांचे दात, आणि दोन्हींचा खर्च एकदमच सांगितला.)

कुंड्या भरून देता येतील. मला छळतंय ते निराळंच. तिला गाडी दिली तेव्हा मी म्हटलं होतं, गॅरेजात नेऊन माझ्या बाजूचा ब्रेक काढून घेऊ, मग जा. ती थांबली नाही. पण तुमच्याकडे काय गॅरेजं नाहीत? अर्ध्या दिवसाचं काम आहे. तिने तो ठेवला कशाला? त्या ब्रेकवर पाय ठेवून मी निम्मं आयुष्य काढलं. ती नोकरी सोडते म्हणाली तेव्हाही माझा पाय आपोआप गेला. तो चुकला असं मी अजूनही म्हणणार नाही, ते त्याचं कामच आहे. पण वन्सं, मला तिची फार आठवण येते. समोरून चुकीच्या बाजूने गाडी आली की हात अजून तिच्या बाजूला आडवा जातो, आणि तिथे कोणी तरी भलताच शिकाऊ बसलेला असतो.

काल शेवटी आम्ही तो व्हिडिओ एकत्र पाहिला, आवाजासकट. यांनी चित्रं पहिल्यांदा पाहिली, मी शब्द पहिल्यांदा ऐकले. संपल्यावर हे खोकले, खराखुरा खोकला. मग म्हणाले, "शब्द तिचे आहेत, पण गाडी तुझी आहे." आणि उतरवलेला कागद घडी करून खिशात ठेवला, व्याकरण परत होतं तसं करून.

डोळ्यांना जपा, उन्हात काळा चष्मा लावा, आणि वरच्या खोलीतल्या व्यक्तीला वेळेवर जेवायला लावा.

तुमची,
वहिनी

ता. क. मी व्हिडिओ पाहिला हे तिला सांगू नका. यांनी पाहिला म्हणा. गाणं बरं आहे, हे मतही यांच्याच नावावर घाला. 'फार सुंदर आहे' म्हटलंत तरी हे नाकारणार नाहीत.

ता. ता. क. दुसऱ्या कडव्याआधी गाडी थांबते तिथे जो आवाज येतो, ते संगीत नव्हे. ब्रेकचे लायनर झिजले आहेत. गाडी इकडे घेऊन यायला सांगा. मी बोलावते आहे असं नाही, गाडीची गरज आहे. रविवारी मी घरीच असते. सोमवारीही.

आणखी एक. शेवटी 'शेजारची जागा रिकामी, बरं झालं' म्हणते, तेव्हा ती सीट नीट दिसते. पार पुढे ओढलेली आहे, मी बुटकी म्हणून माझा पाय पोचावा इतकी. तिचा तो ढोल वाजवणारा मित्र ताडमाड आहे, असं तुम्हीच लिहिलं होतं, तो काही तिथे मावायचा नाही. ती सीट मागेपुढे करायचा लिव्हर अडकतो, हे मला ठाऊक आहे, तेव्हा ती नुसती अडकून तशी राहिली असेलही. तुमच्या दारात गाडी उभी असेल तेव्हा जरा नव्या डोळ्यांनी आत वाकून बघा आणि तो ओढून पाहा. सीट सहज सरकली, तर होती तिथेच परत आणून ठेवा आणि मला लगेच कळवा. गंजला असेल, तर कळवू नका.