खोडाला लावलेला कान

दादा, एक गंभीर तक्रार आहे. आंब्याचं खोड पोखरणारं भिरूड ओढून काढायची तुमची ती सायकलच्या स्पोकची आकडी कुठं ठेवलीत, हे न सांगताच तुम्ही गेलात. जायची घाई समजू शकतो, पण काही शिस्त असते की नाही? तुमच्या या संस्कृतच्या मास्तर पोराला यंदा पक्कड घेऊन ओट्यावर बसावं लागलं. जी आकडी तयार झाली ती बघून शेजारच्या शेतातला चुलतभाऊ म्हणाला, "मास्तर, हिला बघून भिरूड निघायचं न्हाई, हसून हसून आतच मरंल."

विहिरीकाठच्या गावरान आंब्याला पुन्हा लागलंय. बुंध्याशी भुसा सांडलाय, एका अंगाची फांदी पार वाळलीय. असा भुसा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा शाळेत होतो. तुम्ही माझी मान धरून कान खोडाला टेकवता. "गप ऱ्हा. ऐक. जेवायलंय ते." आणि आतून खरंच ऐकू येतं, कर्र, मग जरा दम, मग पुन्हा कर्र, दार लावून घेऊन कुणी सावकाश पापड खावा तसं. पुढं कॉलेजातून सुटीला आलो तेव्हा मी तुम्हाला शहाणपणानं सांगितलं होतं की, लाकूड कोरताना किड्याकडून अक्षरासारखी रेघ उमटते, तिला संस्कृतात घुणाक्षर म्हणतात. "मग वाच की काय लिवलंय ते," म्हणत तुम्ही आकडी आत सारलीत, अंगठ्याएवढी पांढरी अळी ओढून काढलीत, रॉकेलचा बोळा भोकात कोंबलात आणि वरून चिखल लिंपलात. आत आणखी कुणी असेल तर तिथंच गुदमरू दे, हा तुमचा न्याय.

शेवटी शेवटी तो आवाज तुम्हाला घरात यायला लागला. तुम्ही आधी चौकटीची भोकं लिंपलीत, मग बाजेच्या पायांची. मग एकदा आई ताडकळसच्या बाजारातून आली तर किल्ली कुलपात जाईना. कुलूपभर चिखल. "आता माणसानं घरात जावं का न्हाई?" तिनं विचारलं. तुम्ही ओट्यावर बसून शांतपणे म्हणालात, "आत हाय ते. भायेर येऊ द्यायचं न्हाई." आम्ही हसलो. पुढं तुमच्याच कानात रॉकेलचे बोळे सापडले तेव्हा परभणीला नेलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितली, कान स्वच्छ असल्याचं सांगितलं आणि मला बाजूला घेऊन ते म्हणाले, ही सुरुवात आहे, आता विसरणं वाढत जाईल. ते वाढलंच. जायच्या आधी तुम्ही मला 'साहेब' म्हणत होता आणि बसायला खुर्ची देत होता.

तर यंदा चुलतभावानं आणि मी अळ्या काढल्या. रॉकेल कुठं मिळतंय आता, पेट्रोलचे बोळे घातले, भोकं लिंपली. पुढच्या रविवारी पुन्हा शेतात गेलो. चुलतभावानं बुंध्याला कान लावला, बराच वेळ लावला. "गप झालंय बघ. एकदम गार." मग मी कान लावला. आत जेवण चाललेलं होतं, नेहमीसारखं, दम खात खात. मी कान काढून म्हणालो, "हो, गप झालंय."

त्यानंतर परभणीच्या माझ्या घरात दुपारी उशीवर डोकं टेकलं की ते ऐकू येतं. वर्गात मुलं धातुरूपं लिहीत असताना येतं. एकदा सगळी बाहेर गेल्यावर मी बाकाला कान लावून बघितला. बाक लोखंडी आहे, दादा. लोखंड खाणारं भिरूड कुठल्या शास्त्रात सांगितलेलं नाही, एवढं मला माहीत आहे. आवाज मात्र चालू होता.

हे कागद मी फाडून टाकणार आहे, कारण बायकोच्या हाती लागले तर तिला विचारल्यासारखंच होईल. आंबा जगेल, नाही तर वाळेल, त्याची मला एवढी काळजी नाही. "तुला ऐकू येतंय का?" हे अजून घरात कुणालाच विचारलेलं नाही. ती "नाही" म्हणेल, याची मला भीती वाटते.