गप्प म्हणजे नाही

४ एप्रिल, ओस्लो

झालं! बायकोचं, इंगुनचं नाव ठरलं. सांतियागोला राजदूत! आयुष्यभर परराष्ट्र खात्यात झिजली, दुसऱ्यांची भाषणं लिहिली. आता निवृत्तीच्या तोंडावर गाडीवर स्वतःचा झेंडा. बूटसुद्धा न काढता दारातच सांगत होती. मी तोंडभर हसलो, पण मनात आलं, पुन्हा सामान बांधायचं?

अजून तिकडच्या सरकारची पसंती यायचीय. स्थळ दाखवल्यासारखं! तोवर कुणापाशी ब्र काढायचा नाही. म्हणून इथे लिहितोय.

६ एप्रिल

न्याहारीला विचारलंच तिने. "तू येशील ना, तूरे?"

मी पावावर चीज कापत बसलो. काय सांगू? नैरोबीला जाताना नोकरी सोडली. लिस्बनला पुन्हा तेच. दोन्हीकडे 'बाईंचे यजमान' म्हणून कोपऱ्यात ग्लास धरून उभा! आत्ता कुठे शाळेचा बँड माझ्या हाती आलाय, पोरं सुरात वाजवायला लागलीत. माझ्याशिवाय ती जायची नाही. नाही म्हणावं तर तिच्या तोंडचा घास जातो, हो म्हणावं तर माझ्या. पावावर चीजचा ढीग झाला.

१९ एप्रिल

पसंती नाही अजून. रोज सकाळी न्हाणीघरात स्पॅनिश घोकते.

"नापसंत असेल तर कळवतात कसं गं?"

"कळवत नाहीत. नुसते गप्प बसतात. गप्प म्हणजे नाही. कारण विचारायचं नाही, आपण मुकाट नाव मागे घ्यायचं. कुणाचीच शोभा होत नाही."

अजब धंदा! साऱ्या जगात मौन म्हणजे संमती, यांचं उलटंच. मग ती माझ्याकडे बघत राहिली. मी भांडी विसळायला उठलो.

२ मे

बँडमध्ये ढोल शिकवणारा ओडवार म्हणाला, "पुढच्या वर्षी नवी चाल बसवायची हं."

"बघू."

"बघू काय बघू! पळून-बिळून चाललायस की काय?"

घरी येऊन इंगुनवर उगाच खेकसलो. बूट वाटेत का टाकलेस म्हणून! तिने निमूट उचलले. स्वतःचीच लाज वाटली.

९ मे

आज न्हाणीघरातून स्पॅनिश नाही. सर्दी झाली असेल.

१७ मे

राष्ट्रीय दिनाची मिरवणूक. बँड झकास वाजला! ओडवारने तर ढोल फोडायचाच बाकी ठेवला. इंगुन ठेवणीतला पोशाख घालून फुटपाथवरून आमच्याबरोबर चालत होती— शेवटपर्यंत, एकटीच टाळ्या वाजवत. काय कद्रू माणूस मी! बँड काय, ओडवारही सांभाळेल. सांतियागोतही पोरं असतीलच, पिपाण्याही असतील. उद्या सांगतो तिला, येतो म्हणून.

१८ मे

सांगितलं. तिने खुर्ची ओढून घेतली.

"पसंती आली होती रे, तूरे. दहा दिवस झाले. मी नाव मागे घेतलं. तू गप्प होतास ना."

तेव्हापासून मीच बोलतोय— फोन कर, चूक झाली म्हण, माझं नाव सांग, माफ कर मला. ती गप्प आहे.