थांबून ऐकायच्या चाली

मी, मधुकर डोमाजी भोयर, वय त्रेसष्ट, धंदा पूर्वी भोंगे बांधण्याचा, नंतर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा, त्यानंतर व्हिडिओ गेमच्या दुकानाचा आणि आता कोणताच नाही, राहणार हिंगणघाट, जिल्हा वर्धा, हा कागद माझ्याच टेबलाशी बसून माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डोळ्याचे ऑपरेशन झालेले आहे, गुडघे कुरकुरतात, पण कान शाबूत आहेत. चहाशिवाय काही घेतलेले नाही. कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलूनही काही लिहून घेतलेले नाही. गोड बोलायला या घरात दुसरे कोणी उरलेले नाही. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही. वकिलांनी छापील नमुना दिला होता. त्यातली वाक्ये चांगली आहेत, पण ती कोणाच्याही मरणाला चालतील अशी आहेत, म्हणून ती बाजूला ठेवली.

कलम १. खाली लिहिलेली सगळी मिळकत माझ्या कष्टाची आहे. वडनेरहून या गावात आलो तेव्हा माझ्याजवळ एक पेचकस होता, तोही मागून आणलेला. तानबा कुंभारे आणि मी मिळून लग्नाकार्यात, जत्रेत भोंगे बांधायचो. गिरडच्या टेकडीवर भोंगा बांधताना मला पहिल्यांदा समजले की आवाज जातो आणि परत येतो, आणि परत येतो तेव्हा वेगळा असतो. तानबा म्हणाला होता, "मधू, तू भोंगा बांधाले आला का त्याच्याशी बोलाले?" तेव्हापासून हे कान माझे भांडवल आहे. टीव्ही उघडण्याआधी नुसते ऐकून बिघाड सांगायचो. हे सांगण्याचे कारण इतकेच की या मिळकतीवर भाऊबंदांपैकी कोणाचा हक्क नाही.

कलम २. राहते घर मुलगा पियुष, राहणार पुणे, आणि मुलगी मयुरी, राहणार चंद्रपूर, यांना सारखे. विकायचे तर दोघांच्या सहीने. दोघेही इथे येऊन राहतील अशी माझी समजूत नाही आणि तशी अटही नाही.

कलम ३. बँकेतले सगळे मयुरीला. पियुषच्या शिक्षणाला जे लागले ते त्याला माहीत आहे, तो कुरकुर करणार नाही. केली तर माझा फोटो भिंतीवरून काढून ठेवावा, म्हणजे मला ऐकू येणार नाही.

कलम ४. सोल्डरिंगची हत्यारे, मीटर आणि दोन भोंगे गावातल्या आयटीआयला. मोठा भोंगा तानबाला द्यायचा होता, पण वकिलांचे म्हणणे असे की ज्याला या कागदातून काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, आणि तानबाची साक्ष मला हवी आहे. त्याला विचारले तर म्हणाला, "मले काय कराचं भोंग्याचं? घरी बायको हाय ना."

कलम ५. बाजारपेठेतली दुकानाची खोली पियुषला. हीच ती खोली, जिथे १९९३ पासून २००४ पर्यंत 'अन्नपूर्णा व्हिडिओ' चालले. अन्नपूर्णा माझी पत्नी. तीन वर्षांपूर्वी वारली. खोलीतली गेमची यंत्रे आणि त्यांच्या कॅसेटी मयुरीला, कारण या घरात खेळता तिलाच येत होते. मी मालक होतो, पण माझा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडायचा.

कलम ६. शेजारचे कापड व्यापारी हिरालाल चांडक यांना काहीही देत नाही. हे मुद्दाम लिहीत आहे, विसरलो म्हणून नव्हे. आमची भिंत एक. दुकान उघडल्याच्या पहिल्याच महिन्यात ते येऊन म्हणाले होते, "मधुकरराव, ह्या कल्ल्यानं माझं गिऱ्हाईक पळून राह्यलं." मी हात जोडले, आवाज कमी केला. त्यानंतर ते कधी आत आले नाहीत. लोखंडी मीटरपट्टीने भिंत ठोकायचे. ठोकले की मी आवाज कमी करायचो, की ते आणखी ठोकायचे, की मी आणखी कमी करायचो. शेवटी शेवटी गेम मुके झाले होते. दुकान बंद झाले त्यात कम्प्युटरचा हात होताच, पण मुक्या गेमला कोण बसेल? आता हिरालाल शेठची मुले नागपूरला आहेत आणि तेही एकटेच गादीवर बसलेले दिसतात, पण आमचे बोलणे नाही. म्हणूनच या कागदावर दुसरी साक्ष त्यांची घेणार आहे. ज्याला काही मिळत नाही आणि ज्याचे माझ्याशी पटत नाही, त्याच्या सहीवर उद्या कोणी बोट ठेवू शकत नाही.

कलम ७. इथपर्यंतचे वाटप सोपे होते. अवघड आहे ती पेटी.

पलंगाखाली पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात टेपरेकॉर्डरच्या कॅसेटी आहेत. गेमच्या नव्हेत, गाण्याच्या असतात तशा. त्यांवर मी गेममधले संगीत भरून ठेवलेले आहे. वाचणाऱ्याला हसू येईल. त्याने हसून घ्यावे आणि पुढे वाचावे.

गेमच्या यंत्राचे गळे थोडे. दोन सूर गाणारे, एक खर्जातला आणि एक नुसती खुरखुर करणारा, ज्याच्यावर तबल्याचे काम भागते. एवढ्यात जपानातल्या कोण्या माणसांनी अशा चाली बांधल्या की मी दुरुस्तीचा हात थांबवून ऐकत राहायचो. पण दुकानात त्या कोणी ऐकल्या नाहीत. पोरे ऐकत नव्हती असे नव्हे, त्यांना ऐकूच येत नव्हत्या. खेळणारा उडी मारतो, गोळी झाडतो, तेव्हा त्या आवाजासाठी यंत्र गाण्यातलाच एक गळा काढून घेते. चाल तेवढ्यापुरती लंगडी होते. पूर्ण चाल ऐकायची तर खेळणे थांबवावे लागते, आणि घड्याळावर पैसे देणारा कशाला थांबेल?

म्हणून माझ्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी शटर अर्धे पाडून मी गेम लावायचो, आपला माणूस सुरक्षित कोपऱ्यात उभा करायचो आणि टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचो. अन्नपूर्णा तांदूळ निवडत बसायची. पहिल्या दिवशी तिने विचारले, "तुमचा माणूस काऊन उभा हाय?"

"ऐकून राह्यला."

"मग त्याले बसू द्या ना."

काही गेममध्ये घड्याळ असते. नुसते उभे राहिले तरी वेळ संपून माणूस मरतो. ते पाहून ती म्हणाली होती, "म्हणजे याच्यात बी बसल्याजागी मरणच हाय का?"

गेमची इंग्रजी नावे आम्हाला धड येत नव्हती आणि नकली कॅसेटींतून बनवणाऱ्यांची नावे खरवडून काढलेली असत. त्या संगीतकारांना मी कधी धन्यवाद कळवू शकलो नाही, ते इथे कळवतो. चालींना नावे अन्नपूर्णाने दिली, चिठ्ठ्याही तिच्याच अक्षरात आहेत. 'बर्फातलं' ऐकताना अंगावर शाल घ्यावीशी वाटते. 'नाव लिहायचं' हे जिंकल्यावर नाव टाकायच्या पडद्यावरचे. पोरे दोन अक्षरे टाकून पुढे जात, म्हणून ते कोणी पुरते ऐकले नाही. 'शेवटचं' फक्त मयुरीमुळे मिळाले, कारण तिथवर तीच पोचली. मी मागून ओरडत होतो, "थांब, मारू नको, ऐकू दे!" आणि ती म्हणत होती, "बाबा, मरीन ना मी!" आणि सर्वांत चांगले 'पाण्यातलं'. गेममधला माणूस पाण्याखाली जातो तेव्हाचे. सहा मात्रांचे, दादऱ्याच्या चालीने हलणारे, जणू वणा नदी भरून वाहते आहे आणि तिला कसलीच घाई नाही. हे ऐकताना अन्नपूर्णाचा तांदळातला हात थांबायचा.

कलम ८. ही पेटी कोणाला द्यावी? मयुरीला विचारले. ती प्रेमळ आहे, म्हणाली, "बाबा, ठेवीन मी जपून." जपून ठेवणे म्हणजे न ऐकणे, हे मला समजते. पियुष दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "बाबा, हे सगळं आता नेटवर भेटते. एकदम साफ आवाजात. कॅसेटी फेका आता." त्याने लॅपटॉपवर लावूनही दाखवले. त्याचे म्हणणे खरे आहे. खर्जातला सूर मला प्रथमच नीट ऐकू आला. पण त्यात खोली नव्हती. तांदळाचे सूप वाजले नाही, शटर खडखडले नाही, कोणी 'च्या ठेवू का' विचारले नाही. पाण्यातलं होते, पण पाण्यात कोणी नव्हते. मी त्याला चांगले आहे म्हणालो. जाताना तो आपला हेडफोन माझ्यासाठी ठेवून गेला. पोरगा वाईट नाही.

कलम ९. वरील कलमे लिहिल्यावर मी चार दिवस थांबलो. वाटपासाठी पेटीतले काय चालू, काय बिघडले ते पाहावे म्हणून पियुषच्या हेडफोनने एकेक कॅसेट ऐकू लागलो. 'पाण्यातलं' लागले. चालीच्या मागे, लांबून, टक. मग हलके टक. पुन्हा टक. ती मीटरपट्टी मी झोपेतही ओळखीन. कपाळावर आठी आली आणि मग बोटे मोजू लागली. पहिल्या मात्रेवर जोरात, चौथीवर हलके. एकदा नाही, चाल फिरून येते तेव्हा प्रत्येक वेळी.

पुढे टेपमध्ये माझाच आवाज येतो: "घे, ठोकलं त्यानं. कर कमी." अन्नपूर्णा म्हणते, "राहू द्या ना. तालात हाय." मी म्हणतो, "कर म्हणतो ना." चाल बारीक होते. त्यानंतरचे ठोके जोरजोरात येतात, आणि बेताल.

तिचे ते वाक्य मी तेव्हा ऐकलेच नव्हते. मी तिच्या हाताच्या अंतरावर बसलो होतो.

वकिलांना दाखवले तर म्हणाले, मग कलम सहा काढून टाका, नवीन प्रत करू. मी म्हटले, काढू नका. ते लिहिले तेव्हा मला तसेच वाटत होते. आणि आता जे वाटते ते खरे कशावरून? या वयात शेठच्या गादीपाशी जाऊन विचारू, की शेठ, तुम्ही ताल धरत होता का? आणि ते नाही म्हणाले तर? पेटीत मला जेवढे उरले आहे तेवढेही मग जाईल. तेव्हा पेटीपुरते असे ठरवतो: माझ्यामागे जो कोणी ती आपण होऊन मागेल त्याची ती. आवाज साफ करून घेऊ नये, आहे तशी ऐकावी. कोणी मागितली नाही तर माझ्यासोबत चितेवर ठेवावी.

कलम १०. तेरवीला जेवण साधे. वच्छलाबाईंच्या खानावळीतून मागवावे. अन्नपूर्णा गेल्यापासून मला त्यांचाच डबा येतो आणि मीठ बरोबर असते. पेटीतली 'हरल्यावरचं' ही चाल कोणी गंमत म्हणून वाजवू नये. ती फार चांगली आहे, पण लोक म्हणतील, म्हातारा मेल्यावरही दुकान चालवून राह्यला. या कागदाप्रमाणे सगळे करण्याचे काम मयुरीकडे.

सही करण्यापूर्वीची नोंद. आज दुपारी तानबा आणि हिरालाल शेठ दोघेही घरी आले. शेठला निरोप वकिलांकडून गेला होता. ते खुर्चीच्या काठावर बसले, टोपी मांडीवर. मी म्हटले, आतले काही पाहायची साक्षीदाराला गरज नसते, फक्त माझी सही पाहून आपली करायची. पण तानबा अडला. "वाचून दाखव. न वाचता मी बायकोच्या कागदावर बी सही करत नाई." म्हणून वाचावे लागले. कलम सहा मी खाली मान घालून वाचले. कलम नऊ भरभर वाचले.

शेठने पेनाचे टोपण काढले, कागद पुढे ओढला आणि थांबले.

"ज्याले काही भेटते त्याची साक्ष चालत नाई म्हणता?"

"वकील तसंच सांगतात."

त्यांनी टोपण पुन्हा लावले. "मग दुसरा पाहा."

तानबा म्हणाला, "काऊन शेठ? राग आला काय?"

"राग? अरे, ठोकून ठोकून पट्टी वाकडी झाली माझी. आवाज वाढवा म्हणून ठोकू मी, अन् हा माणूस कमीच करत जाय! पोरांच्या कल्ल्याचं बोललो होतो मी पहिल्यांदा. बाज्याचं कोण बोललं?"

मी म्हटले, "मग येऊन सांगायचं ना, शेठ."

"कसा येऊ? कपड्याचा व्यापारी पोरांच्या गर्दीत व्हिडिओ गेमले बसला तर गाव काय म्हणीन?" मग माझ्याकडे न पाहता, "दुपारी गिऱ्हाईक नसे. थे पाण्यातलं लागलं का बरं वाटे. तुमचे कान तेज आहेत मधुकरराव, पण भिंतीच्या इकडचंच ऐकतात."

तानबा हसला. मी हसलो नाही, मला जमले नाही.

शेठ म्हणाले, "पेटी मले पाहिजे. मागून राह्यलो. लिहा."

मी म्हटले, "आत्ताच घेऊन जा."

"आत्ता नको. माझ्या घरी टेप कोठं हाय? तुम्ही हाय तोवर इथंच ऐकू."

तेव्हा कलम नऊमध्ये इतकी भर: पेटी, टेपरेकॉर्डरसह, हिरालाल चांडक यांना. कलम सहा रद्द. दुसऱ्या साक्षीसाठी, डबा घेऊन आलेल्या वच्छलाबाईंना थांबवून घेतले. त्यांनी विचारले, "काय भांडण हाय का?" तानबा म्हणाला, "नाई, मिटलं."

हे मी समजून-उमजून लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

(सही) मधुकर डोमाजी भोयर

साक्षीदार:
१. (सही) तानबा कुंभारे, हिंगणघाट
२. हिरालाल चांडक: हे नाव आधी लिहिलेले होते, ते माझ्या हाताने खोडले आहे.
२. (सही) वच्छलाबाई झाडे, खानावळ, हिंगणघाट

स्थळ: हिंगणघाट, माझे राहते घर
दिनांक: ९ डिसेंबर २००८, दुपार. टेप चालू आहे. आवाज मोठा.