खुर्चीवरचा कोट

किलुंग, १२ मार्च

प्रिय बोशुन,

फोनवर बोलता आलं असतं, पण फोन लावला की तुझी आई आणि आपली लेक आनआन दोन्ही बाजूंनी कान लावून बसतात, म्हणून लिहायला घेतलं. पाऊस आहेच, आज एकोणिसावा दिवस. आनआन बरी आहे. हे आज छातीठोकपणे लिहिते, कारण गेलं वर्षभर ‘बरी आहे’ म्हणताना मी तुझ्याशी खोटंच बोलत होते.

डॉक्टरीणबाईंनी बुरशीची अ‍ॅलर्जी सांगितली तेव्हापासून मी घरात पोलिसासारखी वावरते आहे. पलंगामागची भिंत ब्लीचने पुसली, पडदे काढले, गादी बदलली, ओल शोषणारं यंत्र दिवसरात्र चालू ठेवलं. तरी पोरीचा श्वासाचा पंप सुटेना. मी कामावरून यावं तर ही शिंकतेय, डोळे लालभडक. माझा संशय सरळ आईंवर. मी बाहेर पडले की वीज वाचवायला यंत्र बंद करत असणार! मी त्याच्या टाकीवर पेन्सिलने पाण्याच्या खुणा करू लागले. आईंनी ते पाहिलं. “युवेन, माझ्या नाकावरही एक खूण कर,” म्हणाल्या, “म्हातारी किती श्वास घेते तेही कळेल तुला.” खुणा बरोबर निघाल्या. यंत्र कुणीच बंद करत नव्हतं. पण मी घरात शिरले की आजी-नातीची कुजबुज थांबायची आणि आईंच्या कपाटाचं दार घाईघाईने लागायचं. कुठेतरी पाणी मुरत होतं एवढं नक्की.

गेल्या महिन्यात चांद्र नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी जेवायला बसलो. तू नव्हतास, हार्बिनच्या नोकरीमुळे सलग दुसऱ्या वर्षी. आईंनी तुझी वाटी आणि जेवायच्या काड्या मांडल्या, आणि न आलेल्या माणसाच्या जागी त्याचा कपडा हवा म्हणून तुझा काळा लोकरी कोट खुर्चीच्या पाठीवर घातला. आनआन हट्टाने त्याच्याशेजारी बसली, बाहीला गाल लावून. सूपही संपलं नव्हतं तोवर तिला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले, बोशुन. पंपाने भागलं नाही, दवाखान्यात न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट खिडकीशी धरला. कॉलरच्या आत, काखेत, अस्तरभर पांढरी-हिरवी बुरशी. दोन वर्षं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, आईंच्या कपाटात होता. आईंचे डोळे किती अधू झालेत ते तुला माहीत नाही, त्यांना ती दिसलीच नव्हती. “तुझा वास उडून जाईल म्हणून पिशवी काढून टाकली नाही रे,” असं तुझ्याशी बोलावं तसं कोटाशीच बोलल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “रोज दुपारी मीच द्यायचे तिला. बाबाचा वास म्हणून तोंड खुपसून बसायची. बापाला विसरली असती तर?” आणि रडायलाच लागल्या. वर्षभर त्यांच्यावर पाळत ठेवल्याची मला फार लाज वाटली.

कोट मी टाकून दिला. तीन आठवडे झाले, आनआन एकदाही शिंकलेली नाही. पण तो कचऱ्यात घालताना एक गोष्ट मनात आली ती जात नाही. निघताना गडबडीत कोट राहिला, पुढच्या वेळी नेईन, म्हणाला होतास. हार्बिनला थंडीत उणे वीस अंश असतं. तिथले दोन हिवाळे तू कशात काढलेस? लग्नाच्या आठ वर्षांत स्वतःसाठी साधा रुमाल न आणलेला माणूस तू, तुझे मोजेसुद्धा मी आणायचे. परवा व्हिडिओ कॉलवर तुझ्या नव्या कोटाची बदामी कॉलर दिसली. सुंदर आहे. ती तू निवडलेली नाहीस.

मला भांडायचं नाही. संशय घेऊन घेऊन मी थकले आहे, आणि या घरात चुकीच्या माणसावर एकदा घेऊन झालाच आहे. म्हणून सरळ विचारते: तो बदामी कोट तुला कुणी घेतला? परत येणार असशील तर तारीख कळव. येणार नसशील तर ते तुझ्या आईला तू स्वतः सांग. आनआनला मी सांगेन.

अजून तरी तुझीच,
युवेन