कपाटातली घरघर

मंगळवार, संध्याकाळ

ती घरघर कानातून जात नाही. मुलांचे फोन दिवसभर कपाटात, हा नियम मीच आग्रहाने आणला. आज तिसऱ्या तासाला कपाटात फोन घरघरू लागला. नवापूरच्या कोळीवाड्यातली दर्शना उठली. "बाई, माझा हाय. बाबाची बोट बर्फ भरायला सातपाटीला लागली असंल."

"बस खाली. सुटल्यावर लाव."

सुटल्यावर लागला नाही. "बोट गेली, बाई. आता परत किनाऱ्याला येईपर्यंत रेंज नाय." रडली असती तरी बरं वाटलं असतं.

काय चुकलं माझं? नियम म्हणजे नियम.

त्याच तासाला पुण्याहून माझ्या मुलाचा मेसेज आला होता, 'पोचलो'. मुलांना दिसू नये म्हणून मी तो फळ्याकडे तोंड करून वाचला.